हमामातली गरमी

बंदरावरच्या सार्वजनिक हमामाची मालकीण शिझुए. भर गर्दीत मासळीवाली नाओ तिच्यावर खेकसली, "मावशी, तुमच्या पाण्यातून आमच्या ह्यांना गरमीचा रोग जडला!"

बायका पटापट कुंडाबाहेर आल्या. शिझुए तडक कपडे उतरवून, अंग धुऊन गळाभर पाण्यात बसली.

"जन्मभर इथंच न्हातेय. माझ्या पाण्यात गरमी आहे ती भट्टीची! तुझ्या नवऱ्याची गरमी पाण्यातून लागत नाही, अंगाला अंग भिडल्यावर लागते. विचार त्याला, कुठं भिजून आला?"

नाओचा आवाज खाली आला. "पण तिथली जखम आपोआप भरली त्यांची."

"जखम भरते, रोग आत राहतो. तूही रक्त तपासून घे. इंजेक्शनानं बरं होतं. तोवर त्याला जवळ येऊ देऊ नकोस."

नाओनं अंगावर पाणी ओतलं, चोळून धुतलं आणि कुंडात पाय टाकला.

"सरका मावशी. उद्या त्याला कानाला धरून दवाखान्यात नेते."