बंद दारापुढचं कमळ

आमच्या तलावात मासे धरणारा एक ढिवर आहे. कुणा मोठ्या माणसाशी बोलायचं असलं की तो आधी खांद्यावरचं जाळं खाली ठेवतो आणि प्रत्येक वाक्याला 'जी' लावतो. कोरोनात तलावाच्या पाळीवरचं, म्हणजे बांधावरचं, देवीचं देऊळ बंद होतं, तेव्हा पावसाळाभर तो रोज सकाळी दारापुढे एक कमळ ठेवून जायचा. शेजारच्या शाळेच्या गच्चीवरून मी ते पाहत असे.

देऊळ उघडलं त्या दिवसाचा आता दरवर्षी उत्सव होतो. देवळाच्या समितीतर्फे भाषण मी करतो, कारण मी शाळेतला गुरुजी. पहिल्याच वर्षी गर्दी पाहून बोलून गेलो, "दाराला कुलूप, माणूस नाही, तरी रोज ताजं कमळ!" टाळ्या पडल्या. तेव्हापासून हा चमत्कार मी दरवर्षी सांगतो.

यंदा महाप्रसादाच्या पंगतीत त्या ढिवराची बायको त्याला म्हणाली, "फूल त तुमीच ठेवत होते ना? मंग काहून नाही बोलत?"

"गुरुजी सांगून राहिले, त तसंच असन," तो म्हणाला.

बुंदी वाढायला मी त्यांच्या मागेच उभा होतो. मला पाहून तो गडबडीने उठला, उष्टा हात पाठीमागे धरून वाकला आणि माझ्या पाया पडला.

"सुखी राहा," मी म्हणालो, आणि पुढच्या पत्रावळीकडे वळलो.