बटणातली घडी

कर्वेनगरच्या झेरॉक्सच्या दुकानात आज कटिंग मशीनचं पातं खाली आलं, ताज्या कापलेल्या कागदाचा कोरडा वास सुटला आणि मी नकळत हात मागे घेतले.

विद्यापीठात मुद्रण शिकत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या वर्गाच्या मासिकाचे गठ्ठे कापायचे होते. विभागाच्या कटिंग मशीनवर तिथले जुने कामगार शिंदेमामा होते. दोन बाजूंची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबली, तरच पातं खाली यायचं. हात पात्याखाली जाऊच नयेत म्हणून. पण मामांना गठ्ठा सरळ करायला एक हात मोकळा हवा होता.

"अहो मॅडम, नुसत्या बघत काय बसलात? एक घट्ट घडी करून द्या."

मी जाड कागदाची आठ पदरी घडी केली, नखाने कड दाबली. मामांनी ती डाव्या बटणाच्या फटीत खोचली. बटण दाबलेलंच राहिलं.

"वा! वर्गात एवढं तरी शिकलात म्हणायचं."

मी केवढी खूश झाले होते! मामांचा डावा हात पात्याखाली आत-बाहेर होत होता आणि मला दिसत होत्या फक्त कागदाच्या शुभ्र, सरळ कडा.

त्या दिवशी काहीच झालं नाही. घडी काढायचं मात्र राहून गेलं.

आठवड्याने मामा हॉस्पिटलमध्ये होते. सरांनी बटणातली घडी उपसून आम्हाला दाखवली. "बघा, मामांचंच काम."

इतकी रेखीव घडी मामांना घालता येत नव्हती. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. सगळ्यांबरोबर मीही मान डोलावली.