ओन्ली पीस

परभणीहून वसमतकडं जाणाऱ्या एसटीत मी बसले, तेव्हा शेजारी श्रीलंकेचे एक म्हातारे भिक्खू होते आणि माझ्या मांडीवर त्यांची छत्री. नव्वदच्या दशकातली गोष्ट. हिंगोली जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता, हा सगळा मुलूख परभणीतच मोडायचा. भंतेजींना इंग्रजी आणि पाली सोडून काही येत नव्हतं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, म्हणून दुभाषी म्हणून माझी रवानगी झाली. धूळ, ऊन, पाठीला टोचणारा बाकाचा पत्रा. मी स्वभावानं कुरकुरी, पण शेजारचा माणूस इतका शांत की कुरकुरायचीही चोरी.

हट्ट्याला उतरून आम्ही चहा घेतला. हॉटेलवाला भंतेजींकडं बघत मला म्हणाला, "बाई, बाबा लई वीक दिसून राहिले."

भंतेजींना त्यातला एकच शब्द कळला. भारतात येऊन किती आठवडे झाले असं हा विचारतोय, असं त्यांना वाटलं. दोन बोटं वर करून ते हसत म्हणाले, "टू वीक्स."

"दुप्पट वीक म्हणून राहिले की," म्हणत हॉटेलवाल्यानं कपात वरून आणखी दूध ओतलं. मी कुणालाच काही समजावलं नाही. इंग्रजी भाषा मोठी लबाड. एकाच आवाजात दोन अर्थ सांगून मोकळी होते, आणि निस्तरायचं आमच्यासारख्या मास्तरणींनी.

तिथून जीपनं आडवळणाच्या गावात पोचलो. फाल्गुन होता. जागोजागी काहिलीत (मोठ्या कढईत) हळद शिजत होती, वाफेला ओल्या मातीसारखा वास होता. आमचा मुक्काम बौद्ध वस्तीत, कौसल्याबाईंकडं. नवरा वारल्यावर एकटीनं शेतमजुरी करणारी बाई, पण अंगण असं सारवलेलं की चप्पल काढून चालावं. तिनं भाकरी, ठेचा आणि घोळाणा (मेथीच्या कोवळ्या पाल्याची कच्ची भाजी) वाढला. इतकं चवीचं मी फार दिवसांत जेवले नव्हते.

संध्याकाळी विहारापुढं प्रवचन झालं. भंतेजी एकेक वाक्य बोलायचे, मी मराठीत सांगायचे. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "आय वॉन्ट नथिंग फ्रॉम यू. पीस. ओन्ली पीस." मी "मला तुमच्याकडून काही नको, फक्त शांती हवी" असं सांगायला तोंड उघडलं आणि लाइट गेली. कर्णा बंद पडला. माझा आवाज पुढच्या दोन रांगांपलीकडं पोचला नाही. मागं बसलेल्या बायांना भंतेजींचा तेवढा एकच ओळखीचा शब्द ऐकू गेला होता.

सकाळी उठून बघते तर अंगणात बाया जमलेल्या. प्रत्येकीच्या हातात झंपराचा (ब्लाउजचा) पीस. लाल, पोपटी, जांभळा, फुलाफुलांचा. सगळ्यांत पुढं कौसल्याबाई. तिच्या हातात जुना, साधा, फिकट पिवळा पीस होता, घडीच्या रेघा पक्क्या बसलेला.

विहाराची व्यवस्था बघणारे, काल पुढच्याच रांगेत बसलेले सुदामराव धावतच आले. ते तिचे चुलत दीर. "वहिनी, भिक्खूला झंपराचा पीस? काहून लाज काढून राहिल्या आमची? बाबा शांती म्हणले, शांती!"

दोघीतिघी बाया तशाच मागं फिरल्या. कौसल्याबाईनं पीस पदराखाली घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाई, माह्या मायनं दिलेला शेवटचा हाय. शिवला की फाटंल म्हणून पेटीत ठेवला होता. याच्याहून चांगलं माह्याकडं काई न्हाई."

भंतेजींनी काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं, शब्द दोन, आवाज एक. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी डाव्या खांद्यावरचं चीवर पुढं धरून शिवणी दाखवल्या. भिक्खूचं वस्त्र अखंड नसतंच, तुकडे जोडूनच शिवायचं असतं, असं ते म्हणाले. खांद्यापाशी एक जागा विरली होती. तिथं या बाईंचा पीस लावता येईल, पण त्याआधी तो झाडाच्या सालीत उकळावा लागेल. हा रंग राहणार नाही.

मी ते जसंच्या तसं सांगितलं. कौसल्याबाई बराच वेळ पीसवरून हात फिरवत राहिली. त्या पिवळ्या रंगात तिची आई होती, आणि तोच जायचा होता. मला तर वाटलं, नको देऊ गं बाई, ठेव तुझ्याकडंच.

"जाऊ द्या रंग," ती म्हणाली. "पेटीत तरी कुणाला दिसत होता?"

मग सुदामरावच कुऱ्हाड घेऊन बाभळीची साल आणायला गेले. पीस उकळला, वाळला, तपकिरी झाला. कौसल्याबाईनं दारात बसून बारीक टाके घातले. भंतेजी दुसरं वस्त्र पांघरून समोर बसून बघत होते. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं आणि त्या दुपारी माझं कुणाला काही काम पडलं नाही.

परतताना ती हट्ट्यापर्यंत जीपमध्ये आली. आम्ही एसटीत चढल्यावर खिडकीशी येऊन म्हणाली, "माय माही वसमतच्या बाजारापल्याड कधी गेली न्हाई. आता पाहा, समुद्राच्या पल्याड चालली."

गाडी सुटल्यावर भंतेजींनी विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी सांगितलं. त्यांनी उठून मला जागा बदलायला सांगितली. डावा खांदा खिडकीकडं यावा म्हणून. परभणी येईपर्यंत त्यांनी काच लावू दिली नाही. तोंडावर धूळ येत होती, पण मी हूं की चूं केलं नाही.

पुढं काही वर्षांनी माझी आई गेली. तिची पातळं डांबराच्या गोळ्या घालून ठेवून द्यायची, असं घरात ठरलं. मी त्यातलं तिचं सगळ्यात आवडतं काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तेच नेसून कॉलेजात गेले.