मोठा तुकडा

बेळगावातल्या एका फाउंड्रीत तो खरेदी बघतो. माझं संकेश्वरात कामगारांच्या हातमोज्यांचं दुकान, त्यामुळे आमची गाठ पडते. माणूस भलता गोड. नाही म्हणायचं असलं की आधी चहा मागवतो, बिस्कीट मोडतो आणि मोठा तुकडा तुमच्या हातात देतो.

कंपनीनं खरेदीचं सॉफ्टवेअर आणलं तेव्हा मी खूश झालो होतो. तीन दुकानदारांचे दर आल्याशिवाय ऑर्डर निघत नाही आणि ज्याचा दर कमी त्यालाच ती मिळते. माझं नाव त्यात त्यानंच घातलं. तेव्हापासून दर वेळी फोन येतो, "आप्पा, जरा चढवूनच टाक रं. ह्या बारीला दुसऱ्याचं हाय, फुडची ऑर्डर तुझीच." मी चढवून टाकतो. ती पुढची ऑर्डर अजून यायची आहे.

गेल्या महिन्यात डोकं फिरलं आणि मी परवडेल तेवढा कमी दर टाकला. मुदत संपेपर्यंत कुणाचा दर कुणालाच दिसत नाही, हे त्यानंच मला शिकवलं होतं. मी मोबाईल खाली ठेवतोय तोवर त्याचा फोन. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"हात चुकला व्हय रं, आप्पा? सुधारून टाक. न्हाईतर सिस्टीम तुझं नावच काढून टाकतंय. मी तरी काय करू?"

मी दर सुधारला.

परवा गेलो तेव्हा त्यानं चहा मागवला, बिस्कीट मोडलं आणि मोठा तुकडा माझ्यापुढं धरला.

मी तो खाल्ला.