निरोपाचं वाक्य

आमच्या नायगावच्या इमारतीत येणारा प्लंबर ओडिशाचा आहे. मराठी तो आमच्या दारांत उभा राहूनच शिकला. शब्द सुटे करत नाही, अख्खी वाक्यं उचलतो, बोलणाऱ्याच्या सुरासकट. पाइप गळताना दिसला की "अगं बाई, हे काय आता" म्हणतो. ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं. "टेन्शन नाय घ्यायचं" हे वॉचमनचं. बाकी सगळं हिंदीत.

मी त्याच्या हातात कामांची यादी देते, झालेल्या कामावर खूण करते आणि तो निघाला की दार लावता लावता म्हणते, "परत बोलवायला लावू नका." त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

गेल्या महिन्यात आई पडली, पाय मोडला. कळल्यावर तो कामाशिवाय आला, जवळच्याच सांडोर गावची केळी घेऊन. तिच्या पलंगाशी दहा मिनिटं बसला. उठताना हात जोडले आणि मनापासून म्हणाला, "परत बोलवायला लावू नका."

आईचा चेहरा उतरला. "अरे, मी कुठे बोलावलं तुला?"

तो गोंधळला. "मैं निकलता हूँ तो ताई यही बोलती हैं ना?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्याकडे बघवेना. घाईघाईने मी त्याला समजावलं, की निघताना "येतो" म्हणायचं असतं.

"वो तो मालूम है, ताई," तो अगदी सरळपणे म्हणाला. "वो आप घरवाले आपस में बोलते हो ना?"