बेथानीच्या दोन बरगड्या

लेसमंड पॅट्रिसनं बांधलेलं गलबत बुडणार नाही, असं कॅरिबियन समुद्रातल्या कारियाकू बेटावर लोक छातीठोकपणे सांगत. लॅम्बी पॉइंटच्या वाळूत, बदामाच्या झाडाखाली, त्यानं तीस वर्षांत एकोणीस गलबतं उभी केली होती. कागदावर रेघ ओढायची नाही. सगळं मोजमाप डोळ्यांत. हात जितका सफाईदार, जीभ तितकीच तिखट. पलीकडच्या खाडीत कथबर्ट नावाचा दुसरा कारागीर होता. त्याच्या गलबताला लेसमंड एका लग्नात सगळ्यांदेखत ‘डुकरांचं कुंड’ म्हणाला आणि तेव्हापासून नऊ वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. रविवारी मात्र लेसमंड चर्चमध्ये पहिल्या बाकावर असे. त्याचं ‘आमेन’ किनाऱ्यापर्यंत ऐकू जाई.

विसावं गलबत सिलिना नोएलचं. नवरा समुद्रानं नेला, तरी तिनं मासळी विकून दोन मुलगे वाढवले. सगळं गाव तिला टँटी, म्हणजे मावशी, म्हणे. तिचे मुलगे या गलबतातून त्रिनिदादला माल नेणार होते. ऑगस्टमधल्या गलबतांच्या शर्यतींआधी ते पाण्यात उतरवतो, असा शब्द लेसमंडनं चारचौघांत दिला होता.

जुलैमध्ये डोलकाठीखालच्या दोन बरगड्या, म्हणजे सांगाड्याची बाकदार लाकडं, बसवायला घेतल्या, तर लाकूड आतून किड्यानं पोखरलेलं निघालं. तसं नेमकं वाकलेलं झाड डोंगरात शोधायचं म्हणजे महिना गेला असता. शब्द मोडला असता आणि कथबर्ट हसला असता. लेसमंडनं भोकांत भुसा आणि डांबर कोंबलं, वरून रंग फासला आणि बाहेरून फळ्या ठोकून टाकल्या. कुणाला पत्ता लागला नाही.

पण त्या दिवसापासून त्याला घास गिळेना. बायको ओर्दिन विचारी, “पोट बिघडलंय का तुमचं?”

“काही नाही गं, ऊन लागलंय.”

एक दिवस टँटी सिलिना नारळाचा गरम पाव घेऊन आली. गलबताच्या पोटावरून हात फिरवत म्हणाली, “पोरं समुद्रावर जाणार म्हटलं की माझा जीव उडायचा रे. पण तू बांधतोयस म्हटल्यावर मला झोप लागते बघ.”

लेसमंड मान खाली घालून रंधा मारत राहिला. पाव तसाच पडून राहिला.

गलबत उतरवायचा दिवस आला. पहाटेच दोन मेंढे कापले होते. तीन दगडांच्या चुलींवर हंडे रटरटत होते, मक्याच्या पिठाचं घट्ट कूकू घोटता घोटता बायकांच्या हाताला फोड आले होते. शेजारच्या बेटांवरूनही माणसं आली होती. ओढायचे दोर वाळूत पसरले होते. गलबताचं नाव झेंड्याखाली झाकलेलं होतं. गलबताची धर्ममाता म्हणून ओर्दिन तो झेंडा उघडणार होती.

पाळकबाई सिस्टर व्हर्लिन पुढे आल्या. त्यांनी गलबतावर तळहात टेकला आणि डोळे मिटले. “प्रभू, या गलबतासाठी आणि ते बांधणाऱ्या प्रामाणिक हातांसाठी तुझे आभार.”

सगळे ‘आमेन’ म्हणाले. लेसमंडच्या तोंडून शब्द फुटेना. लोक वळून बघू लागले.

“सिस्टर,” तो म्हणाला, “तेवढं परत घ्या. हात प्रामाणिक नाहीत.”

“काय झालं, लेसमंड?”

“डोलकाठीखालच्या दोन बरगड्या सडक्या आहेत. मला माहीत होतं. मीच लपवल्या. हे गलबत पाण्यात जाऊ देऊ नका.”

मग एकच गलका उसळला. चुलीपाशी उभी असलेली एक बाई ओरडली, “अरे मेल्या, काल सांगता येत नव्हतं? दोन मेंढे जिवंत राहिले असते!”

टँटी सिलिनानं कुऱ्हाड उचलली आणि त्याच्या हातात दिली. “उघड.”

त्यानं सगळ्यांसमोर स्वतःच ठोकलेल्या फळ्या उचकटल्या. सिलिनानं बरगडीत बोट खुपसलं. पेरापर्यंत आत गेलं, आणि भुसा वाळूवर सांडला. तिचा मोठा मुलगा मुठी आवळून पुढे झाला. तिनं त्याला हातानंच मागे सारलं.

“माझी पोरं यात बसणार होती, लेसमंड.”

“होय, टँटी.”

“मला तुझं तोंड बघवत नाही.” तिनं बोटाचा भुसा झटकला. “पण तू बोललास. न बोलतास तर मी तुला आशीर्वादच देत बसले असते.” मग ती लोकांकडे वळली. “अन्न वाया जायचं नाही. बसा सगळे. आणि हा वाढेल.”

बेटावरच्या सगळ्यात गर्विष्ठ माणसानं त्या दिवशी दोनशे माणसांना वाढलं. प्रत्येक ताटाबरोबर एक टोमणा. “मटण तरी पोखरलेलं नाही ना?” “कूकूत भुसा किती घातलास?” तो खाली वाकून वाढत गेला. रांगेत शेवटी कथबर्ट होता. लेसमंडनं डाव भरला आणि म्हणाला, “डुकरांचं कुंड म्हणालो होतो. चुकलो मी.”

कथबर्टनं ताटाकडे बघितलं. “रस्सा अजून घाल,” एवढंच म्हणाला.

त्या दुपारी लेसमंड भांडी घासता घासता रडला. ओर्दिनला वाटलं, लाजेनं. पण कित्येक आठवड्यांनी तो पोटभर जेवला आणि म्हणाला, “मोकळं वाटतंय गं. प्रभूनं मला उघडं पाडलं, पण टाकून नाही दिलं.”

पण नुसत्या रडण्यावर भागवायचं नाही, हे त्याला कळलं होतं. आधीच्या एकोणीस गलबतांपैकी दोन गलबतांत त्यानं लहानसहान लबाड्या केल्या होत्या. तो होडी घेऊन त्या मालकांकडे गेला. युनियन बेटावरच्या मालकानं त्याला धक्क्यावरूनच हाकललं. तो पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला मालक म्हणाला, “ये बाबा, तुझी हत्यारं घेऊन ये. नाहीतर माझी बायको मला घरात घ्यायची नाही.” दोन्ही गलबतं त्यानं पदरचं लाकूड घालून दुरुस्त केली.

आणि एका सकाळी कथबर्ट कुऱ्हाड खांद्यावर टाकून दारात उभा. “सरळ झाडं तुला दिसतात. वाकडी मला दिसतात. चल.” दोघं अकरा दिवस डोंगरात फिरले, भांडले, एकाच डब्यात जेवले आणि दोन निरोगी वाकडी खोडं खाली घेऊन आले. बरगड्या बसल्या, पण लेसमंडनं फळ्या ठोकल्या नाहीत. टँटी सिलिनाला बोलावलं आणि हातात हातोडी दिली. “प्रत्येक बरगडी वाजवून बघा. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच झाकीन.”

तिनं सगळ्या वाजवल्या. एकेक, सावकाश, दोनदा. मग म्हणाली, “झाक आता.” पुढे त्यानं जितकी गलबतं बांधली तितक्यांना हाच नेम लावला. ज्यांनी टोमणे मारले होते तेच आपली जुनी गलबतं दाखवायला त्याच्याकडे येऊ लागले.

नाताळानंतर पुन्हा दोर पसरले. या वेळी मेंढे तीन, त्यातला एक कथबर्टचा. ओर्दिननं झेंडा ओढला: ‘बेथानी’. आधाराचे खांब तोडले, गलबत ठरल्याप्रमाणे ओंडक्यांवर एका कुशीला कलंडलं. शंभर माणसं दोराला लागली. सगळ्यात पुढे लेसमंड, त्याच्या मागे कथबर्ट, आणि टँटी सिलिना पदर खोचावा तसा झगा खोचून दोघांवर ओरडत होती, “ओढा रे म्हाताऱ्यांनो! जेवताना बरा जोर असतो!”

बेथानी सरकली, थांबली, पुन्हा सरकली आणि एका दमात निळ्या पाण्यात शिरली. एकदा डुलली आणि सरळ उभी राहिली. किनाऱ्यावर ढोल वाजू लागले. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लेसमंड दोन्ही हात वर करून हसत होता.