वैशी जर्मनीला निघाली

गिरनीत तुमी कितीबी झाडा, कोपऱ्यात तूस राहतंच. किश्श्यांचं तसंच. एक उचलला का त्याच्या खालून दुसरा निघतो. आता वैशीचं जर्मनीला जानं घ्या. मी निस्तं "जर्मनी" बोल्लो तरी ओट्यावरचे सगळे अजून पोट धरतात.

गिरनी मनजे आमची भाताची गिरनी, म्हसा गावाच्या अलीकडं, रस्त्याला लागून. मशीन चालवतो गनपत. काट्यावर मी, काशा. शाळेत चार दिवस गेलो असेन, पन किलोचे आकडे वाचतो. गनपत बोलतो कमी. मशीनीच्या आवाजात जलम गेला, बोलून ऐकनार कोन? वैशी त्याची एकुलती एक पोरगी. शिकली, शिकली, आनि जर्मनीच्या कालेजानं तिला फुकट शिकायला बोलावलं. मोबाईल अजून आमच्याकडं पोचला नव्हता, त्या टायमाची गोष्ट. अट एकच. कालेज सुरू व्हायच्या सोमवारी तिथं हजर व्हायचं, नाय झाली तर सीट दुसऱ्याला.

गनपतनं कालेजाचं पत्र बघितलं, घडी केली, खिशात ठेवलं. "परत येशील ना गो?" एवढंच बोल्ला आनि मशीन चालू केली.

मंग पासपोर्टचं लफडं. एक दिवस मोटरसायकलवरून एक मानूस आला. साधा शर्ट, काखेत वही. ओट्यावर टेकला आनि इचारतो, "गणपतची मुलगी कशी आहे?"

आता आमच्याकडं पोरीची अशी चवकशी कोन करतो? पोराकडचा. गनपत शहापूरला गेलेला, मंग मीच सरसावून बसलो. "पोरगी लाखात एक. भाकरी गोल. भाताच्या लावनीला उतरली का मोठ्या बायांना मागं टाकते."

तो लिहून घेतोय.

"स्वभाव?"

"गरीब. फकस्त झोपली का उठत नाय."

"कधी भांडण, मारामारी?"

"नाय बा. लहानपनी माझी टोपी इहिरीत टाकली, तेवढीच."

त्याला चा पाजला. मंग हळूच इचारलं, "बरं, पोरगा काय करतो?"

"कोणाचा?"

"तुमचा."

"दुसरीत आहे."

"मंग पंधरा वरसं थांबावं लागंल," मी बोल्लो.

तवा कुठं त्यानं सांगितलं का तो पोलीस ठान्यातून आलाय, पासपोर्टच्या चवकशीला. पासपोर्ट आला बरं का. भाकरीवर आला का टोपीवर, म्हाईत नाय.

व्हिसाला मुंबईत सायेब प्रश्न इचारतो, असं कोनीतरी वैशीला सांगून ठेवलेलं. पोरीला धडकी भरली. मी बोल्लो, ये, तुझी तयारी करून घेतो. पोत्यांच्या थप्पीवर चढून बसलो, डोळ्याला जत्रेतला काळा चष्मा.

"नाव?"

"वैशाली गनपत."

"कशाला येते आमच्या गावाला?"

"शिकायला."

"आमच्या गिरनीवर काम करशील का?"

"काशाकाका, असं नाय इचारत."

"काका कोन? मी सायेब हाय. शिकून झाल्यावर परत जानार का इथंच राहनार?"

वैशीनं तोंड उघडायच्या आत मशीनीमागून आवाज आला, "येनार. लिहा, येनार."

गनपत! मशीन चालू असून त्याचा आवाज ओट्यापर्यंत आला. वैशी बापाकडं बघत राहिली. मी पोत्यावर मारायचा शिक्का घेतला आनि तिच्या वहीवर हानला. "जा. व्हिसा मंजूर."

खऱ्या सायबानं असलं काय इचारलंच नाय. तिथं थंडी लय असते, कपडे हायत का, एवढंच बोल्ला मनं.

आता बॅग. विमानात वीस किलो चालतात, जास्त नाय. बॅग गिरनीच्या काट्यावर आली, मनजे माझ्याकडं. सुमनवहिनी, वैशीची आई, भरतेय आनि मी तोलतोय. नाचनीचं पीठ, सुकट, लोनचं, म्हशाच्या जत्रेतली घोंगडी, वर पुस्तकं. बरोबर वीस भरले. खडूनं बॅगेवर आकडाबी लिहिला.

दुसऱ्या दिवशी वैशीचे कालेजातले सर भेटायला आले. बॅग उचलून बघितली नि खाली ठेवली. "ही वीस नाही. कशी मोजली?"

"रोज मोजतो तशी," मी बोल्लो. "बारदान वजा करून."

आमच्याकडं भात मोजलं का रिकाम्या पोत्याचं वजन सोडतात. सवयीनं मी रिकाम्या बॅगेचं सोडलेलं, पाच किलो! सर कपाळाला हात लावून बसले. "अहो काका, विमानवाले बारदानासकट मोजतात."

"मंग लबाड हायत," मी बोल्लो.

पाच किलो काढायचे. वहिनीनं बॅग उघडली नि एक एक करून सगळी पुस्तकं भाईर ठेवली.

सर बोल्ले, "वहिनी, ती शिकायला चाललीय."

"पुस्तकं तिथं असतील," वहिनी बोल्ली. "सुकट असंल काय?"

निघायच्या दिवशी सकाळीच जीप भरली. सोडायला चौदा जन. दुपारचं विमान. आमच्यात पोरगी पयल्यांदा सासरी निघाली का संगती एक जानती बाई जाते, पाठराखीन. दोन-चार दिवस राहते, पोरगी रुळली का परत येते. गावातल्या किती पोरी गनपतच्या थोरल्या भनीनं, भागीआत्यानं, पोचवल्यात. ती गाठोडं घेऊन जीपमदी बसली. आमाला वाटलं, वाटंतली शिदोरी असंल.

विमानतळाच्या दारात बंदूकवाला शिपाई. वैशी दारापाशी गेली नि थबकली. मागं फिरली. डोळं भरलेलं. "बाबा, मी नाय जात."

गनपतचं तोंड उघडलेलं मी बघितलं. "बरं" बोलनार होता तो. बोल्ला असता तर सगळं तिथंच संपलं होतं.

तेवढ्यात भागीआत्या सगळ्यांना बाजूला सारून दारात. गाठोडं डोक्यावर.

"माताजी, टिकट?" शिपाई बोल्ला.

"मी पाठराखीन."

"पासपोर्ट?"

"अरे, दोन लुगडी घेतल्यात, चार दिवसांनी परत येते. पोरगी एकटी कशी पाठवू?"

शिपाई हसंना, हलंना. मागची लायन ओरडाया लागली. आत्यानं त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, गाठोडं खाली ठेवलं आनि वैशीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"तू हो पुढं. मी मागच्या विमानानं येते."

वैशी रडता रडता फिसकन हसली. हसता हसताच सामानाची गाडी ढकलली, कागद दाखवला, आत गेली. काचेतून जरा येळ तिची येनी दिसली, मंग तीबी दिसंना. गनपतचं तोंड अजून उघडंच.

आमी बोल्लो, चला आता, जीपवाला खोळंबलाय. सगळे वळले. आत्या काय हलंना. गाठोड्यावर ऐसपैस बसली, पदर सारखा केला नि शिपायाला इचारलं,

"मागचं किती वाजता हाय रे?"